तारांच्या खोलीतल्या मेश्रामताई

मेश्रामताईंचं नाव सुलोचना आहे हे मला त्यांच्यासोबत तीन वर्षं काम केल्यावर एका रजेच्या अर्जावरून कळलं. तोवर दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी त्या नुसत्या ताई होत्या, आणि पेशंटांसाठी ‘तारावाल्या बाई’. यवतमाळला मी मेंदूच्या आजारांचा दवाखाना उघडला तेव्हा दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मी बसायचो, मागच्या खोलीत ईईजीचं मशीन होतं. डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या आणि मेंदूत जी बारीकशी वीज खेळत असते तिच्या लहरी पडद्यावर पाहायच्या. फिट येणाऱ्या माणसाची ही मुख्य तपासणी. ती खोली ताईंची होती. मी मालक असूनही दार वाजवल्याशिवाय आत जात नसे. तसं त्यांनी सांगितलं नव्हतं. पण पहिल्या आठवड्यात मी दोनदा तसाच आत शिरलो, तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी काम थांबवलं, हात मांडीवर ठेवले आणि मी बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली. तिसऱ्यांदा मी दार वाजवलं.

बांधा ठेंगणा, आवाज हळू, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका सरकारी रुग्णालयात आया म्हणून लागल्या, आणि तिथल्याच एका जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली हे काम शिकल्या. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो लवकर गेला. मुलगा प्रफुल्ल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घर पाटीपुऱ्यात.

कोणाच्याही डोक्याला हात लावण्याआधी ताई विचारायच्या, “डोक्याले हात लावू का?” म्हाताऱ्यांना विचारायच्या, बायांना विचारायच्या, पाच वर्षांच्या पोरालाही विचारायच्या आणि तो मान हलवेपर्यंत थांबायच्या. तपासणी झाल्यावर तारांचा चिकट लेप केसांत राहतो. दुसरीकडे तो कापसाने पुसून पेशंटला घरी पाठवतात. ताई कोमट पाण्याने डोकं धुऊन द्यायच्या, खोबरेल तेल लावायच्या, आणि बाई ज्या बाजूला भांग पाडून आली असेल त्याच बाजूला पाडून द्यायच्या. पडद्याचं तोंड कायम भिंतीकडे. आत डोकावणारे नातेवाईक विचारायचे, काय निघालं? ताईंचं उत्तर ठरलेलं, की ते डॉक्टर सांगतील आणि पेशंटला सांगतील. एकदा होणाऱ्या सुनेचा रिपोर्ट मागायला मुलाकडचे दोघं जण आले होते. ताईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, ऊन किती आहे वगैरे बोलल्या, आणि अर्ध्या तासाने ते दोघं रिकाम्या हाताने उठून गेले.

शेजारच्या रुग्णालयात अपघातात सापडलेला एक माणूस तीन आठवडे डोळे न उघडता पडला होता. त्याची तपासणी करायला आम्ही छोटं मशीन घेऊन गेलो. ताई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “दादा, मी डोक्याले तारा लावून राह्यली. थोडं थंड लागन.” मी म्हटलं, ताई, त्याला ऐकू येत नाही. त्यांनी मान वर केली. “पक्कं मालूम आहे का, सर?”

मला पक्कं माहीत नव्हतं. कोणालाच नसतं. तसं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग सांगितलेलं बरं. तो माणूस शेवटपर्यंत जागा झाला नाही. पण त्या दिवसापासून बेशुद्ध पेशंटची शुद्ध तपासायला पायाला चिमटा काढण्याआधी मीही तोंडाने सांगू लागलो.

एकदा एका संस्थेचे अध्यक्ष आपल्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईला घेऊन आले. सोबत ओळखीचा एक हवालदार. वॉर्डनबाईंची सोन्याची पोत हरवली होती आणि संशय या बाईवर होता. मेंदूची तपासणी करून खोटं पकडता येतं असं अध्यक्षांनी मोबाइलवर पाहिलं होतं. मी सांगितलं की आमचं मशीन त्यासाठी नाही. त्यांना वाटलं, मी टाळतो आहे. बाईची तयारी आहे, तिनेच हो म्हटलं आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ताई बाकावर त्या बाईशेजारी जाऊन बसल्या आणि खरंच हो म्हटलं का, असं विचारलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “नाही म्हटलं तर म्हणतीन, चोर आहे म्हणून नाही म्हणते.”

ताई उठल्या. अध्यक्षांना म्हणाल्या, आधी तुमच्या डोक्याला तारा लावून पाहू, मग तुम्हीच ठरवा. अध्यक्षांना त्यात मजा वाटली. ते आत जाऊन पलंगावर आडवे झाले. ताईंनी रीतसर परवानगी विचारून तारा चिकटवल्या, पडदा पहिल्यांदाच आमच्या बाजूला वळवला आणि अध्यक्षांना स्वतःचं नाव खोटं सांगायला लावलं. त्यांनी हवालदाराचं नाव सांगितलं. लहरी होत्या तशाच राहिल्या. मग गावाचं नाव खोटं, बायकोचं नाव खोटं. पडद्यावर काही नाही. मग ताईंनी त्यांना डोळे मिचकवायला आणि दात आवळायला सांगितलं. पडद्यावर आधी डोंगर उभे राहिले, मग सगळं काळंकुट्ट झालं.

“पाहा साहेब,” ताई म्हणाल्या, “खोटं बोलले तवा काही नाही. दात आवळले त हे एवढं. ते बाई भेली आहे. ते दात आवळनच. अन् तुम्ही म्हणान, निंगाली चोर.”

हवालदार हसला. अध्यक्षांनी डोकं धुऊन घेतलं आणि ते बाईला घेऊन गेले. मला ही गोष्ट पुढे चारचौघांत सांगायला आवडायची. ताईंना मी ती सांगितलेली आवडत नसे. कारण पोत कोणी नेली ते कधीच कळलं नाही, आणि महिन्याभरात त्या बाईला कामावरून काढलं. ताई म्हणाल्या, मशीनने तिला चोर ठरवलं नाही एवढंच, वाचवलं काही नाही.

दादाराव टेकामची गोष्ट मात्र मी कुठेच सांगितली नाही. तो वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. वय चाळिशीचं, सरळ, कमी बोलणारा. झोपेत त्याला दोनदा झटके आलेले बायकोने पाहिले आणि ती त्याला घेऊन आली. लहरींमध्ये फिटचा आजार स्पष्ट दिसत होता. मी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की गाडी आजपासून बंद. त्याने मान हलवली. पण आत डोकं धुताना त्याने ताईंना सांगून टाकलं की सोमवारी तो ट्रकवर जाणार आहे. गाडी सोडली तर घर कसं चालन, असं त्याने विचारलं, आणि मालकाला कळू देऊ नका म्हणाला.

ताईंनी ते मला सांगितलं. त्याच्या फॉर्मवर मालकाचा फोन नंबर होता. मी फोन उचलला तसा ताईंनी हात मध्ये घातला. असा हात त्यांनी आधी कधी घातला नव्हता, नंतरही नाही.

“त्यानं आपल्या भरोशावर डोकं देलं, सर.”

मी म्हटलं, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांनी कोणाच्या भरोशावर चालायचं?

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. चारच्या सुमाराला आत आल्या आणि आठ दिवस मागितले. त्याने स्वतःहून मालकाला सांगावं यासाठी त्या प्रयत्न करणार होत्या. त्याने नाहीच सांगितलं तर नवव्या दिवशी मी फोन करावा, त्या आड येणार नव्हत्या. मी हो म्हटलं. मला फोन करायचा नव्हता हेही खरं. पेशंटचं गुपित फोडायचं की नाही याबद्दल कायदा काय म्हणतो ते मला नीट ठाऊक नव्हतं, आणि आठ दिवस तो प्रश्न दुसऱ्या कोणी तरी उचलला याने मला हलकं वाटलं होतं.

रविवारी ताई एसटीने वणीला गेल्या. दादारावच्या घरी, त्याच्या बायकोसमोर बसून दोन तास बोलल्या. बदली ड्रायव्हर मिळेपर्यंत चार-पाच दिवस जातील, मग मीच मालकाला सांगतो, असा त्याने शब्द दिला. ताई सोमवारी कामावर आल्या त्या समाधानाने आल्या.

शुक्रवारी सकाळी दादारावच्या बायकोचा फोन आला. वजनकाट्यापुढे ट्रकांची रांग लागली होती. दादारावचा ट्रक चालू होता आणि त्याला झटका आला. ब्रेकवरचा पाय सुटला. ट्रक पुढे सरकला आणि पुढच्या गाडीला टेकून बोलत उभा असलेला दुसरा एक ड्रायव्हर मध्ये सापडला. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. दादारावला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी ताईंना सांगितलं की आठ दिवस मीही दिले होते. त्यांनी ऐकून घेतलं. “देले तुम्ही. मागतले मी,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी तीन तपासण्या होत्या, तिन्ही त्यांनी नेहमीसारख्या केल्या.

मग त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. त्या दादारावकडे गेल्या आणि जखमी माणसाला सगळं सांगू का, असं त्याला विचारलं. त्याने हो म्हटलं आणि तोही सोबत निघाला. चंद्रपूरच्या रुग्णालयात त्या माणसाच्या खाटेपाशी उभं राहून ताईंनी सांगितलं की याला फिटचा आजार आहे हे आम्हाला आधी माहीत होतं आणि आम्ही थांबलो. त्या माणसाच्या बायकोने दोघांना बाहेर जायला सांगितलं. ताई गेल्या. पुढे दोन महिन्यांनी पुन्हा गेल्या, तेव्हा तिने बसायला खुर्ची दिली. तो माणूस आजही लंगडतो. दादाराव आता एका गोदामावर चौकीदार आहे आणि गोळ्या न चुकता घेतो.

त्यानंतर तारांच्या खोलीत एक गोष्ट बदलली. कोणीही ड्रायव्हर आला की ताई तार उचलण्याआधीच सांगायच्या. तपासणीत फिट निघाली तर गाडी सोडावी लागेल. तुम्ही मालकाला सांगितलं नाही तर त्याच दिवशी आम्ही सांगू. हे ऐकून तपासणी करायची की नाही ते ठरवा. यावर माझं त्यांच्याशी भांडण झालं. माझं म्हणणं, अशाने लोक तपासणीच करणार नाहीत. आणि तसं झालंही. दोन जण पलंगावरून उठून निघून गेले. ते कुठे तरी गाडी चालवतच असतील. ताईंना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, मले दोन्हीतलं बरोबर कोणतं ते समजत नाही सर, पण माणसाले फसवून तार नाही लावत मी.

साठी ओलांडल्यावर ताईंचा उजवा हात कापू लागला. ते आधी त्यांच्याच लक्षात आलं. मला येऊन म्हणाल्या, कंपवात दिसते, तपासा. तोच निघाला. तारा सरळ चिकटेनाशा झाल्या तेव्हा एका मुलीला काम शिकवून त्या घरी बसल्या. पाच वर्षं गोळ्यांवर बरी गेली. मग गोळ्या पुरेनात. घास तोंडापर्यंत जाईना, चालताना पाय जमिनीला चिकटू लागले. शेवटी नागपूरला ऑपरेशन झालं. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा बसवतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी, आणि तिचा करंट डॉक्टर बाहेरून कमी-जास्त करू शकतात. ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभरात हात थांबला.

हात थांबला आणि ताई बदलल्या. सकाळी सातला मला फोन करून गप्पा मारायच्या. आवाज मोठा झाला. घराला एकाच महिन्यात दोनदा रंग द्यायला लावला. जन्मात न गायलेल्या बाई ओसरीत बसून गाणी म्हणू लागल्या. प्रफुल्ल खुश होता. बाबा गेल्यापासून आईला इतकं हसताना पाहिलं नाही, असं तो म्हणायचा. मलाही शंका यायला हवी होती. करंटने कधी कधी असं होतं हे मी वाचलेलं होतं. पण हसणाऱ्या माणसाला तुम्ही का हसता असं विचारायला मी धजलो नाही.

तेवढ्यात कळंबला त्यांची मोठी बहीण विमल वारली. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताई एकट्या ऑटोने माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या, चेहरा हसराच.

“सर, विमल गेली. मले रडू नाही आलं.”

मी काही तरी म्हणायला लागलो, की काही माणसांना उशिरा येतं. त्यांनी थांबवलं.

“तसं नाही. तिनं शाळा सोडली अन् मले शिकवलं. माह्या लेकराले तिनं सांभाळलं. सगळं आठवते. तिथं बाया रडून राह्यल्या होत्या, अन् मी त्याइले गमती सांगत होती. मले दिसत होतं का हे बरोबर नाही. पण आतून काही येतच नाही.” त्यांनी छातीवरच्या बॅटरीच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. “हे कमी करा.”

मी सांगितलं की करंट कमी केला तर हात पुन्हा हलेल, पायही अडतील. त्या म्हणाल्या, चालते.

संध्याकाळी प्रफुल्ल आला. तो शांत मुलगा, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. घास हातातून पडायचा म्हणून आई पाहुण्यांसमोर जेवायची नाही, हे मी पाहिलं आहे, तो म्हणाला. आता ती जेवते, हसते. रडता यावं म्हणून तिला पुन्हा त्या हालात ढकलायचं? मग त्याने विचारलं, “आणि सर, आत्ता जी कमी करा म्हणते, ती आई म्हणते का मशीन म्हणते, हे तुम्ही कसं ठरवणार?”

दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून मी हाच प्रश्न ताईंना सांगितला. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मुलाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. “मशीन बोलत असती त वाढवा म्हणाली असती, बाबू,” त्या म्हणाल्या. “कमी करा कायले म्हणन?”

प्रफुल्ल उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, शनिवारी शाळा अर्ध्या वेळाची आहे, तेव्हा नागपूरला नेतो.

मीही सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी प्रफुल्लला आणि मला बाहेर बसवून ताईंशी एकांतात बोलून घेतलं, आणि मग दोन टप्प्यांत करंट उतरवला. फरक पडायला काही दिवस लागतील म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीत ताईंच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर हळूहळू फिरायला लागला होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी वडिलांच्या आजारपणासाठी गावी होतो आणि मागे यवतमाळात ताई न्युमोनियाने गेल्या. मी परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून मला आठवतं ते नागपूरहून आल्यानंतर दहा दिवसांनीचं.

हिवाळ्याची दुपार होती. प्रफुल्लने दार उघडलं, जयभीम केला आणि ओसरीकडे हात केला. ताई ओसरीत उन्हात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग आणि परात. त्या शेंगा सोलत होत्या आणि रडत होत्या. आवाज नव्हता. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हात चांगलाच हलत होता. एका शेंगेतले दोन दाणे परातीत पडले तर तीन फरशीवर जात होते. मला पाहून त्या म्हणाल्या, “बसा सर. काही बोलू नका. येऊ द्या.”

मी बसलो. मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलू लागलो.

तासाभराने मी निघालो तेव्हा प्रफुल्ल फाटकापर्यंत आला. मी विचारलं, जेवायला जमतं का? तो म्हणाला, मी भरवतो. आधी नको म्हणत होती, आता घेते. मग म्हणाला, करंट परत थोडा वाढवायचा का, असं त्याने काल आईला विचारलं होतं.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

“म्हणाली, वाढवू. आधी विमलचं होऊ दे.”

तो परत ओसरीत गेला आणि आईच्या पायाशी खाली बसून फरशीवरचे दाणे वेचू लागला.